अचलाच्या भेटीला चालत : हिएइ पर्वतावरची हजार दिवसांची साधना

१९९२ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात, राफाएल मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत, डुकराच्या मेंदूतून एक नवा रेणू वेगळा काढण्यात आला. गांजातले द्रव्य मेंदूतल्या ज्या ग्राहींना जाऊन चिकटते, त्याच ग्राहींना चिकटणारा, पण शरीराने स्वतःच तयार केलेला असा हा पदार्थ. त्याचे बारसे करताना संशोधकांनी थेट संस्कृतातून शब्द उचलला : आनंद. त्यावरून नाव पडले 'आनंदामाइड'. पुढे असे दिसून आले की बराच वेळ धावल्यावर रक्तातली या पदार्थाची पातळी वाढते. तोपर्यंत धावणाऱ्याला चढणाऱ्या त्या सुप्रसिद्ध धुंदीचे सगळे श्रेय एंडॉर्फिनला दिले जात असे. २०२१ साली हॅम्बुर्गच्या संशोधकांनी धावणाऱ्यांना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देऊन पाहिले. धुंदी तरीही चढलीच. एंडॉर्फिनची मक्तेदारी तिथे संपली म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे पहाटे धावणाऱ्या मंडळींना हे सांगितले की ती खूश होतात. 'बघा, आनंद रक्तातच आहे!' पण इथे एक अडचण आहे. धुंदी काही तासांत उतरते. आपण ज्याला मनःशांती म्हणतो ती उतरणारी गोष्ट नसावी, अशी आपली अपेक्षा असते. नाहीतर तिच्यासाठी अध्यात्माचा शब्द वापरायचे कारणच उरत नाही. मग दीर्घ दमाच्या शारीरिक कष्टातून माणूस खरोखर बदलतो का? आणि बदलत असेल तर तो कष्टामुळे, की कष्टाबरोबर तो आणखी काही करत असतो त्यामुळे? हा प्रश्न तपासायचा तर एका रविवारच्या शर्यतीवर भागत नाही. वर्षानुवर्षे चाललेला, नियमांनी बांधलेला, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला प्रयोग हवा. असा एक प्रयोग जपानमध्ये हजार-अकराशे वर्षे चालू आहे.

क्योतो शहराच्या ईशान्येला हिएइ नावाचा पर्वत आहे. उंची ८४८ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या हिशेबाने मध्यम गड. ७८८ साली साइचो नावाच्या भिक्षूने तिथे एक लहान मंदिर बांधले. त्याचाच पुढे एन्र्याकुजी हा विशाल मठ झाला आणि तेंदाइ या बौद्ध पंथाचे ते मुख्य पीठ बनले. साइचोने आपल्या शिष्यांसाठी बारा वर्षे पर्वत न सोडण्याचा नियम घातला होता. एका तपाचा हिशेब आपल्याला नवा नाही.

या पर्वतावर जी साधना चालते तिला 'काइहोग्यो' म्हणतात. शब्दाची फोड केली तर शिखरांच्या फेऱ्यांची साधना, आपल्या भाषेत पर्वतपरिक्रमा. तिचा प्रवर्तक म्हणून सोओ (८३१ ते ९१८) या भिक्षूचे नाव घेतले जाते. तरुणपणी तो रोज रानातली फुले तोडून मुख्य मंदिरात वाहायचा, वर्षानुवर्षे त्यात खंड पडला नाही आणि त्यातून त्याच्याकडे गुरूंचे लक्ष गेले, अशी परंपरागत कथा आहे. कथा खरी असो वा नसो, ती साधनेचा स्वभाव नेमका सांगते. साधनेचे आजचे काटेकोर स्वरूप मात्र एकट्या सोओचे नाही. ते पुढच्या शतकांत घडत गेले. १५७१ साली ओदा नोबुनागा या सेनापतीने अख्खा पर्वत जाळला, हजारोंची कत्तल केली, आणि त्या आगीत जुन्या नोंदीही गेल्या. त्यानंतर मठ पुन्हा उभा राहिला. तेव्हापासून आजपर्यंत हजार दिवसांची साधना पुरी करणाऱ्यांची संख्या आहे ५१. साडेचार शतकांत एक्कावन्न माणसे.

आता हिशेब. साधना सात वर्षांची. पहिली तीन वर्षे दरवर्षी १०० दिवस, रोज सुमारे ३० किलोमीटर. चौथ्या आणि पाचव्या वर्षी २०० दिवस, अंतर तेच. असे ७०० दिवस झाले की नऊ दिवसांची एक भयंकर कसोटी, तिच्याकडे पुढे येतो. सहाव्या वर्षी १०० दिवस, पण रोज ६० किलोमीटर. सातव्या वर्षी पहिले १०० दिवस रोज ८४ किलोमीटर आणि शेवटचे १०० दिवस पुन्हा ३०. या सगळ्या चालीत पृथ्वीला एक फेरी होते असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. मी कागदावर बेरीज करून पाहिली : २१,००० अधिक ६,००० अधिक ८,४०० अधिक ३,०००, म्हणजे ३८,४००. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या आसपास. थोडे कमी पडते, पण भिक्षूंशी त्यावरून कुणी भांडू नये. शिवाय प्रत्यक्षात साधक ९७५ व्या दिवशी थांबतो. उरलेले २५ दिवस मुद्दाम शिल्लक ठेवले जातात. ते आयुष्यभर चालायचे असतात.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. म्हणजे सातव्या वर्षी हा माणूस सलग शंभर दिवस रोज दोन मॅरेथॉनचे अंतर कापतो. जॉन स्टीव्हन्स या अमेरिकन लेखकाने १९८८ साली त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यांना 'मॅरेथॉन भिक्षू' म्हटले, तेव्हापासून जगभरच्या धावपटूंना त्यांचे वेड लागले. हे नाव आकर्षक आहे, पण दिशाभूल करणारे आहे. हे लोक शर्यत धावत नाहीत. झपझप चालतात, आणि सतत थांबतात.

थांबतात कशासाठी, यातच सगळे मर्म आहे.

मध्यरात्रीनंतर साधक उठतो, थंड पाण्याने अंघोळ करतो, पूजा करतो, थोडे खातो आणि अंधारात हातात कंदील घेऊन बाहेर पडतो. अंगावर पांढरे कपडे. जपानमध्येही पांढरा रंग प्रेताचा. डोक्यावर न उमललेल्या कमळपत्राच्या आकाराची लांबट टोपी, पायांत भाताच्या पेंढ्याच्या वहाणा. पावसात या वहाणा काही तासांत कुजून सुटतात, म्हणून जादा जोड बरोबर असतो. पहिली तीन वर्षे पायमोजेही नाहीत. कमरेला एक दोरी आणि एक सुरी : साधना अर्धवट सोडायची वेळ आली तर जीव देण्यासाठी. पहिल्या शंभर दिवसांपर्यंत माघार घेता येते, एकशेएकाव्या दिवसापासून नाही, असा नियम. आज ही वस्तू प्रतीक म्हणून वागवली जाते, पण ती कमरेला असते हे खरे.

आणि वाटेत अडीचशेहून अधिक ठिकाणी थांबून हात जोडायचे. यांत मंदिरे आहेत, बुद्धाच्या आणि बोधिसत्त्वांच्या मूर्ती आहेत, पूर्वसूरींच्या समाध्या आहेत. पण त्याचबरोबर झाडे आहेत, दगड आहेत, झरे आहेत. प्रत्येक ठिकाणचा मंत्र वेगळा, मुद्रा वेगळी. साऱ्या वाटेत बसायला मिळते ते एकदाच, एका प्राचीन देवदारवर्गीय वृक्षाखाली, क्योतोच्या राजवाड्याकडे तोंड करून, तेही प्रार्थनेपुरते. सकाळी परत आला की विश्रांती नाही. मठातली कामे, पूजा, जेवण. जेवण म्हणजे भात, नूडल्स, सोयाबीनचे पनीर, भाज्या. रात्री झोप चार-पाच तासांची, पुढच्या वर्षांत त्याहूनही कमी.

झाडादगडांना नमस्कार कशासाठी, याचे उत्तर भारतातून तिकडे गेलेल्या एका ग्रंथात आहे. तेंदाइ पंथाचा मुख्य आधार 'सद्धर्मपुण्डरीक सूत्र'. त्यात एका बोधिसत्त्वाची गोष्ट येते. हा भिक्षू ना फार शिकलेला, ना प्रवचन देणारा. भेटेल त्याला वाकून नमस्कार करायचा आणि सांगायचे की तुम्ही पुढे बुद्ध होणार आहात, मी तुम्हाला तुच्छ मानत नाही. लोक चिडायचे, शिव्या द्यायचे, दगड मारायचे. तो लांब पळायचा आणि तिथून पुन्हा तेच म्हणायचा. त्याचे संस्कृत नाव सदापरिभूत. इथे संधीची गंमत पाहा. सदा + परिभूत अशी फोड केली तर 'नेहमी अपमानित झालेला'. सदा + अपरिभूत केली तर नकार आत येतो. चिनी भाषांतरकारांमध्ये यावरून खरोखर दोन वाटा झाल्या : धर्मरक्षाने पहिला अर्थ घेतला, कुमारजीवाने 'कधीही कुणाला तुच्छ न लेखणारा' असा दुसरा. हिएइवर कुमारजीवाचे भाषांतर चालते. साधक रोज रात्री जे करतो ते या सदापरिभूताचे अनुकरण आहे. फक्त माणसांच्या जागी अख्खा डोंगर आहे.

या साधनेचे आराध्य दैवत फुदो म्योओ. 'फुदो' म्हणजे न हलणारा. मूळ संस्कृत नाव अचल. वज्रयानातला हा उग्र देव, एका हातात खड्ग, दुसऱ्या हातात पाश, पाठीमागे ज्वाला. भारतात त्याची उपासना मागे पडली, जपानमध्ये तो घरोघरी पोचला. त्याच्यापुढे जो अग्निविधी चालतो त्याला जपानी लोक 'गोमा' म्हणतात. तो आपला होम. आणि हजार दिवस पुरे करणाऱ्याला जी पदवी मिळते तिच्यातला 'आजारी' हा शब्द म्हणजे आचार्य. (मराठीत तो शब्द भलताच वाटतो, पण सात वर्षांच्या या तपानंतर तोही शोभून जावा.) तर अचलाच्या उपासनेसाठी हजार दिवस चालायचे. हा विरोधाभास मला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो.

बौद्ध साधनेत चालणे मुळापासूनच आहे. पाली ग्रंथांत चंक्रमणाचे उल्लेख जागोजागी येतात, आणि बोधगयेला बुद्धाने जिथे चंक्रमण केले असे मानतात तो चौथरा आजही दाखवतात. चीनमधल्या झीयी (५३८ ते ५९७) या आचार्याने तेंदाइचा पाया घालताना समाधीचे प्रकार सांगितले. त्यांत एक नव्वद दिवस बसून करायचा, तर दुसरा नव्वद दिवस बुद्धमूर्तीभोवती चालत करायचा. झीयीच्या विवेचनाचे सूत्र होते शमथ आणि विपश्यना : मन थांबवणे आणि मग नीट पाहणे. चालणाऱ्या पायांनी मन थांबवायचे, हा त्यातला भाग. पाय एका ठरावीक लयीत पडत राहिले, डोळ्यांपुढे कंदिलाच्या उजेडाएवढेच जग उरले आणि दर काही पावलांवर एक नेमून दिलेला नमस्कार आला, की मनाला भटकायला जागा फार उरत नाही. आर्ने डीट्रिख या मेंदूअभ्यासकाने २००३ साली असे गृहीतक मांडले की दीर्घ लयबद्ध श्रमात मेंदूच्या पुढच्या भागाचे, म्हणजे योजना आखणे, स्वतःविषयी विचार करणे यांच्याशी निगडित भागाचे काम तात्पुरते मंदावते. ते गृहीतक आहे, सिद्धांत नव्हे. पण झीयीच्या शमथाशी त्याचा सांधा जुळतो, एवढे नक्की. विपश्यनेबद्दल मात्र ते गृहीतक काही बोलत नाही. मन मंद झाल्यावर पुढे काय पाहायचे, हे मेंदूचे रसायन ठरवत नाही. ते परंपरा ठरवते.

आता त्या नऊ दिवसांकडे. ७०० दिवस पुरे झाल्यावर साधक मुदोजी दरीतल्या अचलाच्या मंदिरात प्रवेश करतो. याला 'दोइरि' म्हणतात. त्याआधी त्याचे एक प्रकारे जिवंतपणीच अंत्यभोजन होते. ज्येष्ठ भिक्षू एकत्र बसतात, निरोप घेतात. आत गेल्यावर अन्न नाही, पाणी नाही, झोप नाही, आडवे होणे नाही. अचलाचा मंत्र एक लाख वेळा म्हणायचा. दोन भिक्षू जागे ठेवायला आळीपाळीने शेजारी असतात. रोज रात्री दोन वाजता उठून विहिरीवरून पाणी आणायचे आणि देवाला वाहायचे. स्वतः प्यायचे नाही. पाचव्या दिवसापासून चूळ भरायची मुभा, पण गिळायचे नाही. पहिल्या रात्री काही मिनिटांत होणारी विहिरीची खेप शेवटच्या रात्री तासभर घेते असे सांगतात. उदबत्तीची राख पडल्याचा आवाज ऐकू येतो, लांबच्या स्वयंपाकाचा वास येतो, असे अनुभवही सांगितले जातात. जपानी पद्धतीने पहिला आणि शेवटचा अपुरा दिवसही मोजतात, त्यामुळे हे नऊ दिवस प्रत्यक्षात सुमारे १८२ तासांचे, साडेसात दिवसांचे भरतात. तरीही पाण्यावाचून इतका काळ हा जीवघेणाच प्रकार आहे. वाचकांपैकी कुणाच्या मनात हौस आली तर ती इथेच मोडावी. त्या माणसामागे सातशे दिवसांची तयारी आणि सारा मठ उभा असतो.

दोइरिचे वर्णन वाचून लोक थक्क होतात आणि तिथेच थांबतात. मला त्यानंतरचे जास्त महत्त्वाचे वाटते. परंपरेच्या दृष्टीने पहिले ७०० दिवस हे स्वहिताचे, दोइरिनंतरचे परहिताचे. म्हणून सहाव्या वर्षापासून वाट डोंगर सोडून खाली उतरते. सातव्या वर्षीच्या ८४ किलोमीटरमध्ये तर अख्ख्या क्योतोला फेरी असते. रात्रीचा निर्जन डोंगर संपून आता मोटारी, सिग्नल, दुकाने. रस्त्याच्या कडेला माणसे गुडघे टेकून, मान खाली घालून थांबलेली असतात, आणि साधक चालता चालता जपमाळेने त्यांच्या मस्तकाला स्पर्श करतो. यांत आजारी असतात, म्हाताऱ्या असतात, परीक्षेला बसलेली पोरे असतात. आणि एक मदतनीस चढावर मागून मऊ टोकाच्या काठीने त्याच्या कमरेला रेटा देत असतो. जो एकटा अंधारात चालायला शिकला, त्याला शेवटी दुसऱ्याच्या हाताचा रेटा घ्यावा लागतो आणि तो घेण्यात कमीपणा मानला जात नाही. कुठल्याही शर्यतीत असा माणूस बाद ठरला असता.

इथे युसाइ साकाइ यांच्याविषयी सांगायला हवे. जन्म १९२६. दुसऱ्या महायुद्धाची झळ ऐन तारुण्यात सोसलेली. युद्धानंतर एकामागून एक उद्योग फसले. लग्न झाले, आणि थोड्याच काळात पत्नीने आत्महत्या केली. चाळिशीच्या उंबरठ्यावर हा माणूस हिएइवर आला. तिथे जमणारे बहुतेक जण विशीतले. साकाइ यांनी १९८० साली हजार दिवस पुरे केले. आणि लगेच पुन्हा सुरू केले. १९८७ साली दुसऱ्यांदा पुरे केले, तेव्हा वय साठ. पर्वताच्या ज्ञात इतिहासात हे दोनदा करणारे तिघेच. पुढे त्यांनी पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'एक दिवस, एक आयुष्य' असे होते. २०१३ साली ते गेले.

साकाइ यांना शांती मिळाली का, हे बाहेरून कुणी ठरवू नये. पण एक गोष्ट दिसते. मिळवायचे ते १९८० साली मिळाले असते, तर दुसरी फेरी कशाला? विक्रम म्हणून तिला अर्थ नाही, पदवीही आधीच मिळाली होती. मला वाटते, चालणे हे त्यांच्यासाठी कुठे पोचण्याचे साधन उरले नव्हते. भाताच्या पेंढ्याची वहाण सकाळी घालायची, दिवसअखेर ती झिजलेली असते, दुसऱ्या दिवशी नवी. पत्नीच्या मृत्यूचे ओझे अशा रीतीने एकेका दिवसाच्या तुकड्यांत वाहता येत असेल, तर ते धुंदीपेक्षा फार वेगळे काम आहे.

या परंपरेला नावे ठेवण्यासारखे काही नाही असे मुळीच नाही. सुरी आणि दोरीचे समर्थन मला करता येत नाही. माघार घेणाऱ्याला जगण्याचा हक्क नसावा हा विचार करुणेच्या धर्मात बसत नाही. हिएइवर स्त्रियांना मज्जाव होता, तो मेइजी सरकारने १८७२ साली उठवला. अशीच हजार दिवसांची साधना नारा प्रांतातल्या ओमिने पर्वतावरही आहे, रोज ४८ किलोमीटरची. रयोजुन शिओनुमा यांनी ती १९९९ साली पुरी केली. तिथल्या शिखरावर तर स्त्रियांना आजही प्रवेश नाही. ज्या साधनेत दगडालाही नमस्कार आहे तिने निम्म्या माणसांना वाटेबाहेर ठेवावे, हे सदापरिभूताला कसे पटले असते?

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना वारी आली असणार. इतिहासाचा धागा जोडण्याचा मोह टाळलेला बरा. आळंदी ते पंढरपूर ही अडीचशे किलोमीटरांची वाट आणि हिएइची वाट यांचा परस्परांशी संबंध नाही. शिवाय वारी समूहाची, गाण्याची, संसारी माणसाची; काइहोग्यो एकट्याचे, मुक्याचे. पण वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ती कृती सदापरिभूताच्या नमस्काराहून वेगळी नाही. आणि तिकडेही देव जागचा हलत नाही, भक्त चालत जातो.

आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ पासून भरते आहे; साताऱ्याच्या घाटात धावणारे आहेत, दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्ससारखी सुमारे ८८ किलोमीटरची शर्यत बारा तासांच्या आत संपवायला महाराष्ट्रातूनही लोक जातात. त्यांच्यातले काही जण सांगतात की धावताना आम्हाला ध्यान लागते. त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. फक्त त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले की शंका येते. घड्याळ सतत मागच्या वेळेशी तुलना करत असते. हिएइच्या साधनेत तुलनेला जागाच ठेवलेली नाही : अंतर ठरलेले, वाट ठरलेली, वेग कुणी विचारत नाही. त्याऐवजी दर शे-दीडशे पावलांवर स्वतःबाहेरच्या कशापुढे तरी मान वाकवावी लागते. कष्टाने अहंकार झिजतो असे आपण सहज म्हणतो; नुसत्या कष्टाने तो फुगतोही, हे कुठल्याही शर्यतीनंतरच्या गप्पा ऐकल्या तर कळते. झिजवण्याचे काम नमस्कार करतात, कष्ट फक्त त्यांना धार लावतात, असे माझे मत या सगळ्या वाचनानंतर बनले आहे.

५१ वे साधक कोगेन कामाहोरी यांनी २०१७ साली आपली फेरी पुरी केली. जपानला जाणारे मराठी प्रवासी आता पुष्कळ आहेत आणि क्योतो कुणी चुकवत नाही. त्यांनी एक दिवस काढून बिवा सरोवराच्या बाजूने साकामोतोला जावे. तिथून दोन किलोमीटरची दोरखंडावर ओढली जाणारी रेल्वे डोंगरावर चढते. वरच्या स्थानकावरून बहुतेक लोक मुख्य मंदिराकडे वळतात. उलट्या दिशेने पायवाटेने खाली उतरले की पंधरा-वीस मिनिटांत मुदोजी दरी येते, आणि अचलाचे मंदिर. साधनेचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो, म्हणजे चेरीचा बहर पाहायला लोक जातात त्याच सुमारास. वाटेवर दिवसा कुणी दिसणार नाही.